रंगभूमीवरचा सूत्रधार आणि वृत्तपत्रातला सूत्रधार

नाट्यशास्त्राने आपल्या भाषांना ज्या संज्ञा दिल्या, त्यांपैकी बहुतेक आज ग्रंथांतच उरल्या आहेत. ‘पारिपार्श्वक’, ‘स्थापक’, ‘प्ररोचना’ हे शब्द संस्कृत नाटकाच्या अभ्यासकाखेरीज कोणाच्या ओठी येत नाहीत. ‘नांदी’ त्या मानाने सुदैवी. संकटाची किंवा निवडणुकीची नांदी झाल्याचे आपण अधूनमधून वाचतो. परंतु रंगभूमी सोडून बाहेर पडलेल्या या कुटुंबात खरे ऐश्वर्य लाभले ते ‘सूत्रधार’ या एकाच शब्दाला. चित्रपटाचे नाव, दूरचित्रवाणीच्या मालिकेतील निवेदक, समारंभाची कार्यक्रमपत्रिका, सरकारी कंपनीची पाटी आणि सर्वांत अधिक म्हणजे गुन्ह्याची बातमी, इतक्या ठिकाणी तो आज भेटतो. एका शब्दाने अनेक घरे करावीत यात नवल नाही. भाषेत ते नित्य घडते. नवल आहे ते असे की, यांतील शेवटच्या घरात त्या शब्दाचा अर्थ मूळ अर्थाच्या नेमका उलट झाला आहे, आणि तो वापरणारांस त्याची जाणीवही राहिलेली नाही.

हा विचार बंगळुरात बसून करण्यास एक विशेष सोय आहे. येथील मराठी वाचकाच्या हाती रोज दोन भाषांची वर्तमानपत्रे पडतात, आणि दोहोंत हा शब्द तोच असतो. कानडी त्याला कधी ‘सूत्रधार’, कधी ‘सूत्रधारी’ म्हणते, एवढाच भेद. शिवाय मराठी सूत्रधाराच्या कुळकथेत या नगराचा आणि या प्रदेशाचा वाटा थोडाथोडका नाही. ती कुळकथा आधी पाहू.

‘सूत्र’ म्हणजे दोरी, हे सर्वांना मान्य आहे. ती कोणती दोरी, हा वाद आहे. एकोणिसाव्या शतकात शंकर पांडुरंग पंडितांनी अशी कल्पना मांडली की, ही दोरी कळसूत्री बाहुल्यांची असावी. बाहुल्या नाचविणारा तो आद्य सूत्रधार, आणि पुढे बाहुल्यांच्या जागी माणसे आली तरी त्याचे नाव टिकले. रिशार्ड पिशेल या जर्मन पंडिताने १९०० च्या सुमारास याच कल्पनेचा विस्तार करून ‘स्थापक’ हाही मूळचा बाहुल्या जागच्या जागी ठेवणारा होय, असे प्रतिपादिले. हिलेब्रांट प्रभृतींनी यावर घेतलेला आक्षेप मला सयुक्तिक वाटतो. बाहुल्यांचा खेळ हा माणसांच्या खेळाची नक्कल असतो. नक्कल अस्सलाच्या आधी जन्मास येत नाही.

दुसरी दोरी मोजमापाची. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची भूमी आखण्याचा विधी सांगितला आहे. पुष्य नक्षत्रावर शुभ्र दोरी पसरावयाची. ती कापसाची, बल्बज गवताची, मुंजाची अथवा वल्कलाची असावी, आणि तुटणारी नसावी. ती मध्ये तुटली तर स्वामीचा मृत्यू, तृतीयांशावर तुटली तर राष्ट्रकोप, चतुर्थांशावर तुटली तर नाट्यप्रयोक्त्याचा नाश, असे फलही तेथे दिले आहे. दोरी धरणाऱ्याच्या शिरावर केवढी जोखीम होती, हे यावरून ध्यानात यावे. अकराव्या शतकात धारच्या भोजाने आपल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथास ‘समरांगणसूत्रधार’ हे नाव दिले. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाचा स्थपती मंडन हा ‘सूत्रधार मंडन’ म्हणूनच ओळखला जातो. आणि आपल्या दारी रंधा घेऊन येणारा ‘सुतार’ हाही व्युत्पत्तीने सूत्रधारच होय. प्राकृताच्या जिभेवर झिजत झिजत शब्द इतका लहान झाला की, त्याला आपल्या नाटकवाल्या भावाची ओळख उरली नाही.

कोणतीही दोरी धरा, एक गोष्ट मात्र नाटकांनीच सिद्ध करून ठेविली आहे. संस्कृत रंगभूमीवरचा सूत्रधार हा प्रेक्षकांच्या समोर, सर्वांच्या आधी येणारा मनुष्य आहे. भासाची नाटके सूत्रधाराच्या प्रवेशाने सुरू होतात, हे वैशिष्ट्य सातव्या शतकात बाणाने नोंदविले होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गणपतिशास्त्र्यांना त्रावणकोरात सापडलेल्या नाटकांचे कर्तृत्व भासाकडे देताना त्या नोंदीचा आधार घेतला गेला. सूत्रधार येतो, नाटकाचे व कवीचे नाव सांगतो, आज हा प्रयोग का होत आहे ते सांगतो, आणि जातो. ‘मृच्छकटिका’तला सूत्रधार फार वेळच्या संगीताभ्यासाने भुकेजलेला आहे, घरी जाऊन बायकोशी बोलावयाचे, तर आता प्राकृतात बोलतो, असे तो प्रेक्षकांना सांगून भाषा बदलतो. ‘उत्तररामचरिता’तला सूत्रधार आपण कार्यवशात् अयोध्येचे व त्या काळचे रहिवासी झालो आहोत, हे उघड कबूल करतो. म्हणजे जे चालले आहे ते रचलेले आहे, आणि रचणारे आम्ही आहोत, ही कबुली हेच त्याच्या पदाचे मर्म होय.

‘मुद्राराक्षसा’ची प्रस्तावना येथे निराळी काढली पाहिजे. घरात ग्रहणानिमित्त ब्राह्मणभोजनाची सिद्धता चालली आहे. सूत्रधार नटीला सांगतो की, आज ग्रहण नाही; केतू चंद्राला बळाने ग्रासू पाहतो खरा, पण... एवढ्यात पडद्यामागून गर्जना होते. मी जिवंत असता चंद्राला ग्रासू पाहणारा हा कोण? चंद्र म्हणजे चंद्रगुप्त, असा अर्थ घेऊन चाणक्य खवळलेला असतो. सूत्रधार तो आवाज ओळखतो आणि नटीला घेऊन निघून जातो. विशाखदत्ताने एका श्लेषाच्या उंबरठ्यावर दोन माणसांची गाठ घातली आहे. एक रंगावरचा सूत्रधार; दुसरा पुढील सात अंक हेर, मुद्रा आणि खोटी पत्रे यांच्या दोऱ्या आवळणारा मंत्री. आजच्या वृत्तपत्राने यांपैकी दुसऱ्यालाच ‘सूत्रधार’ म्हटले असते. विशाखदत्ताच्या मनात मात्र गोंधळ नाही. दुसरा आत येताच पहिल्याने रंगभूमी सोडली आहे.

आता मराठी सूत्रधार. सतराव्या शतकात बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांच्या दरबारी निरनिराळ्या भाषांचे कवी कसे जमत, याचे चित्र जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे, राजवाड्यांनी तो प्रसिद्ध केल्यापासून अभ्यासकांना तो परिचित आहे. शहाजीपुत्र व्यंकोजीने १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि त्याचा मुलगा शहाजी, १६८४ ते १७१२ या काळचा तंजावरचा राजा, याने मराठीत नाटके लिहिली. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांपैकीच. या नाटकांची घडण दाक्षिणात्य यक्षगानाची आहे. पात्रांच्या प्रवेशाची वर्दी देणारा सूत्रधार तीत आहे, ‘दरू’ नावाची प्रवेशगीते आहेत. मराठी नाटकाचा पहिला सूत्रधार असा कावेरीकाठी, बंगळुराहून तिकडे गेलेल्या घराण्याच्या आश्रयाने उभा राहिला. दुर्दैवाने महाराष्ट्रास त्याची वार्ता दीर्घकाळ नव्हती.

महाराष्ट्राला सूत्रधार पुन्हा मिळाला तोही कर्नाटकाकडूनच. १८४२ साली उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या आश्रितास, विष्णुदास भाव्यांस, तसा खेळ रचावयास सांगितले; आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झाले. भाव्यांचा सूत्रधार म्हणजे कानडी भागवताचाच मराठी अवतार. गणपतीचे आवाहन तो करी, पद्यात्मक आख्यान तो गाई, विदूषकाशी त्याचे संभाषण चाले, आणि राक्षस कितीही आरडाओरडा करोत, झांज घेऊन तो आपल्या जागी शेवटपर्यंत उभा असे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. पात्रेच स्वतः गाऊ लागली, आणि सूत्रधाराकडे नटीसह प्रस्तावना तेवढी राहिली. किर्लोस्करांचा जन्मही कानडी मुलखातील गुर्लहोसूरचा, हे आनुषंगिक. पुढे १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने वास्तववादाची दारे उघडल्यावर ती प्रस्तावनाही गेली. दिवाणखान्याच्या चौथ्या भिंतीपलीकडील नाटकात, हे नाटक आहे असे सांगणाऱ्याला जागा असणे शक्यच नव्हते.

तो परत आला १९७० नंतर, आणि या परतीचे एक मोठे केंद्र बंगळूर होते. गिरीश कार्नाड यांच्या ‘हयवदना’त (१९७१) भागवत गणेशपूजनाने आरंभ करतो, पात्रांच्या मनात शिरतो, त्यांना प्रश्न करतो. १९७२ साली ब. व. कारंत यांनी येथील रवींद्र कलाक्षेत्राच्या परिसरात उघड्या आकाशाखाली तीन नाटके केली. चंद्रशेखर कंबार यांचे ‘जोकुमारस्वामी’, ज्यात सूत्रधार आणि त्याचा साथीदार हिम्मेळ हे खेळाचा आरंभ करतात, पी. लंकेश यांचे ‘संक्रांति’. आणि लंकेश यांनीच कानडीत आणलेले ‘ईडिपस’. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यास प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ केले.

‘घाशीरामा’चा सूत्रधार हा या शब्दाच्या इतिहासातील अत्यंत महत्त्वाचा टप्पा होय, आणि समीक्षकांनी त्याकडे बहुधा नृत्य-संगीताच्या अंगाने पाहिल्यामुळे त्याचे खरे कार्य दुर्लक्षित राहिले आहे. हा सूत्रधार निःसंग नाही. तो प्रसंगानुसार भूमिका घेतो, ब्राह्मणांच्या रांगेशी थट्टा करतो, त्या रांगेचाच होऊन जातो. त्याच्या समोर नाना फडणवीस आहे, जो घाशीरामास कोतवाल करतो, वापरतो आणि वेळ येताच जमावाच्या हाती देतो. वृत्तपत्री अर्थाने सूत्रधार नाना; नाट्यशास्त्राच्या अर्थाने सूत्रधार तो गाणारा, हसणारा मनुष्य. विशाखदत्ताने जे दोघे उंबरठ्यावर एकमेकांस चुकविले, त्यांना तेंडुलकरांनी एका रंगावर शेवटपर्यंत एकत्र उभे केले, आणि प्रेक्षकाला प्रश्न टाकला की, उघडपणे कथा सांगणारा हा मनुष्य तरी कितीसा निर्दोष आहे?

रंगभूमीवर असे गंभीर प्रयोग चालू असता बाहेर लोकव्यवहारात हा शब्द आपल्या वाटेने निघाला होता. चित्रपटांचा निर्देश थोडक्यात पुरे. चंद्रकांत जोशी यांचा हिंदी ‘सूत्रधार’ (१९८७), ज्यात स्मिता पाटील, नाना पाटेकर आणि कार्नाड आहेत, के. विश्वनाथ यांचा तेलुगू ‘सूत्रधारुलु’ (१९८९). शीर्षक म्हणून शब्दाला वजन आहे, एवढेच त्यावरून दिसते. १९८८ साली सुरू झालेल्या ‘महाभारत’ मालिकेत ‘समय’ हा निवेदक झाला. फिरत्या चक्राच्या चित्रामागून येणारा तो आवाज देशभर रविवारी सकाळी घुमे. येथे सूत्रधाराचा देह गेला आणि वाणी उरली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दिसत नाही पण सर्व जाणतो, असा सूत्रधार घरोघर पोचला.

समारंभात त्याचा जुना स्वभाव बराच टिकला. ‘सूत्रसंचालन’ हा शब्द मराठीने बनविला तो उत्तम. सुधीर गाडगीळ यांच्यासारख्यांनी त्या कामास प्रतिष्ठा आणली. आज बारशापासून साहित्य संमेलनापर्यंत सूत्रसंचालकावाचून अडते. बंगळुरात गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवाच्या पत्रिकेवर हा शब्द असतोच. सूत्रसंचालक समोर उभा असतो, नाव सांगतो, चुकला तर लोक हसतात. सुतारानंतर त्या घराण्याचा हा सर्वांत प्रामाणिक वंशज म्हणावयास हरकत नाही. मात्र शेरोशायरीचा मोह त्याने आवरावा.

कार्यालयीन मराठीने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. २००५ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण या तीन कंपन्या झाल्या, व त्यांचे भाग धारण करणारी चौथी कंपनी ‘सूत्रधारी कंपनी’ झाली. इंग्रजी ‘होल्डिंग’ला हा प्रतिशब्द योजणाऱ्याच्या कल्पकतेचे कौतुक केले पाहिजे, कारण ‘धारण’ आणि ‘सूत्र’ दोन्ही त्यात साधले आहेत. पण ही सूत्रधारी कंपनी ग्राहकाला कधी भेटत नाही. त्याला भेटते ती वितरण कंपनी, देयक घेऊन. नाटकात प्रथम येणारा येथे सर्वांत मागे गेला. राजकारणातही ‘सूत्रे हाती घेणे’, ‘सूत्रे दिल्लीतून हलणे’ हे प्रयोग रूढ झाले, आणि वार्ताहराला नाव द्यावयाचे नसेल तेव्हा बातमी ‘सूत्रांनी सांगितली’ असे होऊ लागले. हा शेवटचा प्रयोग बहुधा हिंदीच्या वाटेने आला. त्यात तर सूत्र म्हणजे ज्याचे नाव घेता येत नाही असा मनुष्य.

एवढी भूमी तयार झाल्यावर ‘मुख्य सूत्रधार’ अवतरला. इंग्रजी ‘मास्टरमाइंड’ या शब्दाचा हा प्रतिशब्द. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर आणि २००८ च्या हल्ल्यानंतर तो इतका छापला गेला की, आज मराठीत ‘सूत्रधार’ म्हटले की, कट रचून स्वतः दूर राहणारा, एवढेच बहुतेक वाचकांच्या मनात उभे राहते. कायदेशीर सावधगिरी म्हणून त्याच्या मागे ‘कथित’ लागतो; ‘कथित मुख्य सूत्रधार’ हे पद उच्चारून पाहावे, म्हणजे नांदीनंतर प्रवेश करणाऱ्या त्या भल्या माणसाची दया येते.

कानडीत याला समांतर अशी एक घटना घडली आहे, आणि ती मला अधिक बोलकी वाटते. तेथे हल्ल्याच्या कर्त्याकरवित्याला ‘रूवारी’ म्हणतात. रूवारी हा शब्द संस्कृत ‘रूपकारा’च्या नात्यातला, त्याचा अर्थ मूर्तिकार. होयसळांच्या मंदिरांवर शिल्पकारांनी आपली नावे कोरली आहेत. तेराव्या शतकातील सोमनाथपूरच्या केशवमंदिरात मल्लितम्माचे नाव पुन्हा पुन्हा वाचावयास मिळते. मूर्तीच्या पायाशी नाव कोरून ‘हे मी केले’ असे सांगणाऱ्या कारागिराचा शब्द आज ज्याने केले ते दडवून ठेविले, त्याला लावला जातो. मराठीने दोरी धरणारा घेतला, कानडीने छिन्नी धरणारा घेतला. दोघींनी दोघांनाही अंधारात नेऊन बसविले.

यावर कोणी म्हणेल की, शब्दांचे अर्थ पालटणारच. आणि पडद्यामागील हाताची प्रतिमा आपल्या परंपरेत काही नवी नाही. हे खरे आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातील यंत्रारूढ भूतांचा अर्थ सांगताना शंकराचार्यांनी लाकडी पुतळ्यांचाच दाखला दिला. ज्ञानेश्वरांच्या भाषेत कळसूत्री बाहुलीला ‘साइखडे’ म्हणत, आणि तो दृष्टांत त्यांना प्रिय आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर, कुंदापूरजवळच्या उप्पिनकुद्रूचे कामत घराणे यांनी दोरीच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जागता ठेविला. कानडीत त्या खेळाचे नावच ‘सूत्रद गोंबेयाट’. १९७१ च्या ‘आनंद’ चित्रपटात माणसे रंगमंचावरील कठपुतळ्या असून त्यांच्या दोऱ्या वरच्याच्या हाती आहेत, हा विचार आल्यापासून तो चहाच्या दुकानापर्यंत पोचला. म्हणजे पंडित-पिशेल यांचा सिद्धांत इतिहास म्हणून टिकला नसला, तरी लोकमानसाने तो केव्हाच स्वीकारला आहे, असे म्हटले पाहिजे. दोरी म्हणताच आपल्याला बाहुली दिसते. मोजपट्टी दिसत नाही.

परंतु याच परंपरेत त्या प्रतिमेवर आक्षेपही आहे. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराशी वाद घालताना म्हणते की, ईश्वर प्राण्यांना लाकडी बाहुलीसारखे हलवितो, मूल खेळण्यांशी खेळते तसे त्यांच्याशी खेळतो. आणि तसे असेल तर पापाचे फळ त्या करवित्यालाच का लागू नये? युधिष्ठिर तिच्या बोलण्याला नास्तिक्य ठरवितो. पण तिचा प्रश्न वाया गेलेला नाही. सर्व दोऱ्या एकाच्या हाती आहेत असे मानले की, दोष एक तर त्या एकाचा, नाही तर कोणाचाच नाही. मधली माणसे सुटतात.

गुन्ह्याच्या वर्णनात ‘सूत्रधार’ शब्द नेमके हेच करतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र-कर्नाटकाच्या वाचकाने तो शब्द ज्या चार हत्यांच्या संदर्भात वारंवार वाचला, त्या येथे आठवल्या पाहिजेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकर. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या लागून गोविंद पानसरे. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडात एम. एम. कलबुर्गी, ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरात राजराजेश्वरीनगरातील घराच्या दारात गौरी लंकेश. ‘सूत्रधार कोण?’ हा प्रश्न या काळात मोर्च्यांच्या फलकांवर आला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दाभोलकर खटल्यात दोघांना जन्मठेप दिली व तिघांना निर्दोष सोडले. त्या संध्याकाळीही हाच प्रश्न विचारला गेला.

तो प्रश्न विचारणे अवश्यच होते. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो, जे शोधावयाचे त्याला दिलेल्या नावाबद्दल. कायद्याच्या मराठीत ‘सूत्रधार’ नाही. तेथे ‘कट’ आहे, ‘अपप्रेरणा’ आहे. कट म्हटला की अनेक माणसे आली, त्यांच्या भेटी आल्या, पैसा, वाहन, शस्त्र आले, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र हिशेब आला. सूत्रधार म्हटला की एक सर्वज्ञ, अदृश्य पुरुष येतो आणि बाकीच्यांच्या बाहुल्या होतात. गोळी झाडणारा हात हा कोणाचा तरी हात आहे, त्याला नाव, गाव, इच्छा आहे, ही गोष्ट त्या प्रतिमेत पुसट होते. तपास थंडावला तर न सापडलेल्या त्या एकाचे गूढ वाढत जाते. गुन्ह्याला कथेची मोहिनी चढते. नाटकाचा शब्द वापरल्याचा हा दंड आहे. त्या शब्दाबरोबर रचना, कौशल्य आणि रहस्य यांचे जे तेज येते, त्यास हत्या करविणारा मनुष्य पात्र नाही. मराठीत ‘कटाचा म्होरक्या’ हा शब्द होता, ‘कारस्थानी’ होता, ‘करविता’ होता. ते ओबडधोबड असतील, पण कोणाच्या अंगावर ते शालजोडी घालीत नाहीत.

वृत्तपत्रांनी हा शब्द टाकावा, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. मथळ्यात तो चार अक्षरांत बसतो, आणि मथळ्याला अक्षरांचा हिशेब न्यायापेक्षा मोठा असतो. समीक्षेने मात्र तो डोळे मिटून उचलू नये. अलीकडे कादंबरीच्या परीक्षणांत ‘लेखक हा या सर्व घटनांचा सूत्रधार’ असे वाक्य सर्रास येते, आणि त्यातला सूत्रधार वृत्तपत्रातला असतो. म्हणजे लेखक कोठे तरी लपून पात्रांच्या दोऱ्या ओढतो, आणि त्याला पकडणे हे समीक्षकाचे काम. भवभूतीच्या सूत्रधाराशी तुलना करून पाहिली, तर आपण केवढी सूक्ष्म संज्ञा केवढ्या स्थूल कल्पनेसाठी खर्च करीत आहोत, ते समजेल. आपण आता अयोध्यावासी झालो, असे सांगून कथेत शिरणारा निवेदक कादंबरीत असतोच. त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेविला, तर मराठी समीक्षेला त्याचा खरा उपयोग होईल.

१९७२ च्या त्या तीन नाटकांकडे एकदा मागे वळून पाहावेसे वाटते. ‘ईडिपसा’चे कथानक म्हणजे एका हत्येचा तपास. राजा लेयस याला कोणी मारले, याचा शोध स्वतः राजा ईडिपस भर चौकात, प्रजेच्या समोर घेतो. साक्षीदार एकेक करून येतात, आणि शोधाची दोरी शेवटी शोधणाऱ्याच्याच हाती असल्याचे निघते. ते कानडीत आणणाऱ्या लंकेशांनी पुढे १९८० साली ‘लंकेश पत्रिके’ हे साप्ताहिक काढले. गौरी लंकेश ही त्यांची कन्या.

तिच्या हत्येला वर्ष झाले, त्या दिवशी, ५ सप्टेंबर २०१८ रोजी, बंगळुरातील स्मृतिसभेस कार्नाड आले होते. प्रकृती क्षीण झाली होती आणि नाकाला प्राणवायूची नळी होती. त्यांच्या गळ्यात ‘मी टू अर्बन नक्षल’ असा फलक होता. त्या फलकावरील शब्दांविषयी पुष्कळ वाद झाला, पोलिसांकडे तक्रारही गेली. राजकीय बाजू ज्याची त्याने ठरवावी. रंगभूमीच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक दिसते. ‘हयवदना’चा भागवत लिहिणारा नाटककार लोकांच्या पुढे येऊन उभा होता, आपण कोण म्हणून उभे आहोत ते गळ्यात लिहून. पुढे नऊ महिन्यांनी, १० जून २०१९ रोजी, याच नगरात त्यांचे निधन झाले.